मिरग लागला की गोल्डफिशच्या टाकीचं पाणी कसं सांभाळायचं

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरामागे हजार लिटरची सिमेंटची टाकी आहे, आत सहा गोल्डफिश. पहिल्या वर्षी उन्हाळाभर सगळे ठणठणीत होते आणि पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांत दोन गेले, तेही माझ्याच हुशारीने.

सगळे पीएच पीएच करत बसतात (म्हणजे पाणी किती आम्ल त्याचा आकडा, 7 च्या खाली गेला की आम्ल), पण पावसात बघायचा तो केएच. केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटची शिल्लक, अॅसिड तयार झालं की तीच ते मारते. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळातच मऊ, म्हणजे शिल्लक आधीच कमी, त्यात वरून पावसाचं पाणी ज्यात ती जवळजवळ शून्य, आणि माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पण केएचच खातात. शिल्लक संपली की पीएच एका रात्रीत 6 च्या खाली येऊ शकतो.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. बहुतेक किटमध्ये 5 मिली पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे साधारण 18 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). मी 100 च्या आसपास ठेवतो, मिरगापासून चवथीपर्यंत आठवड्यातून दोनदा मोजतो. कमी आला तर खायचा सोडा (धुण्याचा नव्हे हां!). हजार लिटरला 100 ग्रॅमने केएच साधारण 60 ने वाढतो, पण एकदम ओतायचा नाही, रोज 30 ग्रॅम बादलीत विरघळवून टाकायचा.

आता माझी चूक सांगतो. पीएच पडलेला असतो तेव्हा बॅक्टेरिया मंदावतात आणि अमोनिया साठत जातो, पण आम्लाच्या पाण्यात तो बहुतेक अमोनियम म्हणून असतो, त्याचा माशांना फारसा त्रास नाही. 30 डिग्रीच्या पाण्यात पीएच 7 ला विषारी भाग एक टक्क्याहून कमी, 8 ला सात-साडेसात टक्के, 9 ला 45 च्या आसपास. मी घाबरून अख्खा डबा सोडा ओतला, पीएच वर गेला आणि साठलेला अमोनिया विषारी झाला. म्हणून आधी अमोनिया मोजा. असला तर खाणं बंद, दोन-तीन दिवस रोज पाव टाकी पाणी बदला, आणि सोडा त्यानंतर, थोडा थोडा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला अँटी-क्लोरीन घालूनच.

नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होताना मधे तयार होणारं विष) दिसलं तर लिटरला 1 ग्रॅम खडामीठ, म्हापशाच्या बाजारातलं चालतं. पाणवनस्पती असतील तर जपून.

रोजची कटकट नको तर कालवांच्या नाहीतर तिसऱ्यांच्या कवट्या (शिंपले) धुऊन, वाळवून जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या धारेखाली टांगा. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या हळूहळू विरघळतात, पीएच चांगला असला की तशाच पडून राहतात. आमच्याकडे जेवणानंतर कवट्या फेकायच्या नाहीत असा आता हुकूमच आहे, बायको वैतागते, असो. पण मुसळधार पावसात एवढ्याने भागत नाही, सोडा घरात हवाच.

छपराच्या पागोळ्या थेट टाकीत पडत असतील तर आधी पन्हळ वळवा. नवी टाकी असेल तर मात्र उलटं, सिमेंटच्या चुन्याने पीएच 9 च्या वर जातो, तेव्हा केळीच्या गाभ्याचे तुकडे घालून भरून ठेवा, उपसा, पुन्हा भरा, तीन-चारदा असं करून पीएच 8 च्या जवळ आला की मगच मासे सोडा.