वितरकाकडून नवे दर मागवताना फोटो नको, फाइल मागा

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दरपत्रकाच्या फोटोवरून बिलिंगमध्ये एकेक भाव टाकत बसू नका. वितरकाला सरळ सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) किंवा एक्सेल फाइल मागा आणि त्यात प्रत्येक ओळीला बारकोड, खरेदीदर, एमआरपी, जीएसटीचा दर आणि नवा भाव कोणत्या तारखेपासून लागू, एवढं हवंच असं ठणकावून सांगा. मालाच्या नावावर विसंबू नका, कारण ‘साबण १०० ग्रॅम’ वितरकाकडे एका तऱ्हेने लिहिलेला असतो, तुमच्याकडे दुसऱ्या. दर नगाचा की बॉक्सचा, हेही लिहून घ्या.

खरी गोची एक्सेलमध्ये होते. ८९० ने सुरू होणारा १३ अंकी बारकोड तिथे ८.९०ई+१२ असा दिसू लागतो. तशीच सीएसव्ही सेव्ह केली की मागचे अंक गेलेच, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून सीएसव्हीवर डबल क्लिक न करता एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ती आत घ्या आणि बारकोडचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.

एमआरपी वाढली तरी बारकोड बहुधा तोच राहतो. शेल्फवरच्या जुन्या पाकिटावर ५० छापलंय आणि बिल ५५ चं निघालं, तर ते कायद्याने चालत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो वेगळाच. तेव्हा जुना भाव पुसू नका, त्याच बारकोडखाली दुसरी एमआरपी जोडा. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. मोठ्या साखळी दुकानांशी व्यवहार असेल तर ईडीआयचा (दोन कंपन्यांच्या संगणकांमधली थेट कागदपत्रांची देवाणघेवाण) ‘प्रायकॅट’ हा ठरलेला संदेश दरपत्रक पाठवण्यासाठीच आहे.