पगारातून टीडीएस कसा कापायचा, आणि कोणाचं ऐकायचं नाही

पगार करणं अवघड नाहीये, उगं बाऊ करून ठेवलाय लोकांनी. हजेरी घ्या, ग्रॉस (कपातीआधीचा एकूण पगार) काढा, कपाती लावा, सात तारखेच्या आत बँकेत टाका, संपलं. गाडी अडते ती एकाच जागी, टीडीएसला (पगारातूनच कापून सरकारला भरायचा इन्कम टॅक्स), आणि नेमकं तिथंच ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर एमआयडीसी, कुठंही जा, तीस-चाळीस माणसांचं युनिट असलं की तिथं एक अकाउंटंट असतो आणि त्याला चुकीचं सांगणारे दहाजण असतात. म्हणून हे लिहायलोय. टॅन (टीडीएस भरायला कंपनीला मिळणारा नंबर), पॅन, पीएफचे नंबर वगैरे तुमच्याकडं आहेत असं धरतो.

आधी सोप्या कपाती उरकून टाकू. पीएफ: बेसिक अधिक डीएच्या 12 टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे. ईएसआयसी (कामगार विमा): 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना, कामगाराचे 0.75 आणि मालकाचे 3.25 टक्के, तारीख तीच. प्रोफेशनल टॅक्स: 10,000 च्या वर पगार असला की महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500, बायकांना 25,000 पर्यंत काहीच नाही, हे 2023 पासून बदललंय तरी अजून कित्येक ठिकाणी जुन्या एक्सेलमुळं बायकांचे 200 कापणं चालूच आहे, बंद करा ते.

आणि उचल, म्हणजे पगाराआधी घेतलेले पैसे. उचल सगळ्यात शेवटी वजा करायची, सगळ्या कपाती झाल्यावर. आधी उचल काढून उरलेल्यावर पीएफ लावणारे बघितलेत मी. 18,000 बेसिक असणाऱ्यानं 5,000 उचल घेतली म्हणून त्याचं बेसिक 13,000 होत नसतं.

आता टीडीएस. सुरुवातीला माझंही इथंच डोकं फिरायचं, कारण बाकीच्या कपातीला ठरलेला टक्का असतो आणि पगारावरच्या टीडीएसला तो नसतो. कोणी म्हणलं "दहा टक्के कापून टाका" तर समजा की त्याला काही कळत नाही, दहा टक्के प्रोफेशनल फीवर असतात, पगारावर नाही. आणि पीएफ चुकवायला रोज सकाळी नऊला पंच करणाऱ्या माणसाला कागदावर कन्सल्टंट दाखवून दहा टक्के कापणारे शेठ आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो की अंगलट येईल, माणूस दुखावून कधी पीएफ ऑफिसला गेला की मग मागचं सगळं व्याजासकट निघतं.

पगाराचा टीडीएस म्हणजे अंदाज. वर्षाचं एकूण उत्पन्न किती होईल ते धरायचं, त्यावर वर्षाचा टॅक्स काढायचा, आधी कापलेला वजा करायचा, राहिलेल्या महिन्यांनी भागायचं. बस. पण हा अंदाज एप्रिलमधे एकदा करून कपाटात ठेवायचा नसतो, दर महिन्याला परत करायचा. दिवाळीचा बोनस, इन्क्रिमेंट, एरिअर्स, काहीही हललं की आकडा हलतो. जे लोक मार्चपर्यंत झोपतात त्यांच्याकडं मार्चचा पगार म्हणजे नुसती रडारड.

टॅक्सची रेजीम कोणती, जुनी का नवी, ते एप्रिलमधेच लेखी घ्या. कोणी काहीच सांगितलं नाही तर नवी धरायची. नवीत 75,000 स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, पण घरभाडं, एलआयसी, मुलांची फी यातलं काही चालत नाही, प्रोफेशनल टॅक्ससुद्धा वजा होत नाही. जुनी मागितली तर पुरावे घ्या, नुसत्या तोंडी सांगण्यावर वजावट देऊ नका, आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर असलं तर घरमालकाचा पॅन. मामाच्या घरी राहून मामाच्याच नावाने पावत्या फाडणारे दरवर्षी येतात, पॅन मागितला की गप बसतात.

खरी गंमत मधेच जॉइन झालेल्या माणसाची. आपल्याकडचे लई पोरं पुण्याला आठ-दहा वर्षं काढून घराजवळ म्हणून परत येतात. समजा असाच एक जण ऑक्टोबरला जॉइन झाला. पुण्यात एप्रिल ते सप्टेंबर महिन्याला एक लाख, म्हणजे 6 लाख. इथं 1,25,000 प्रमाणे सहा महिने, म्हणजे 7,50,000. तुम्ही फक्त तुमचे साडेसात लाख बघितले तर टॅक्स शून्य, कारण 2025-26 पासून नव्या रेजीममधे 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला रिबेट आहे, म्हणजे टॅक्स माफ. पुण्यातल्या कंपनीनं वर्षाचे 12 लाख धरले, त्यांच्याकडंही शून्य. दोघंही खूश. पण एकत्र केलं की 13,50,000, त्यातून 75,000 एकदाच वजा, दोनदा नाही, राहिले 12,75,000, म्हणजे 12 लाखांच्या वर, रिबेट गेली. 4 ते 8 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, 8 ते 12 वर 10 टक्के म्हणजे 40,000, वरच्या 75,000 वर 15 टक्के म्हणजे 11,250. झाले 71,250, त्यावर 4 टक्के सेस (उपकर), एकूण 74,100. सहा महिन्यांत भागले तर महिन्याला 12,350. हेच जानेवारीत लक्षात आलं तर 24,700, आणि मार्चमधे आलं तर त्याच्या एका पगारातून 74,100 जातील आणि तो तुमच्या टेबलापुढं येऊन उभा राहील, "सर, तिकडं माझा एक रुपया कापला नव्हता, इथं कशाला कापायलाव?"

म्हणून जॉइनिंगच्या दिवशीच, आधारची झेरॉक्स घेतो तसा, आधीच्या पगाराचा तपशील फॉर्म 12बी वर घ्या. त्यानं दिला नाही तर तुमच्यावर जबरदस्ती नाही, पण मग "मला आधीचं उत्पन्न दाखवायचं नाही" असं त्याच्याकडून लिहून घ्या आणि रिटर्न भरताना व्याजासकट भरावं लागेल हे तोंडावर सांगा.

आणखी एक, एक्सेल वापरणाऱ्यांसाठी. करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या थोडंसंच वर गेलं तर मार्जिनल रिलीफ मिळतो. 12,10,000 असेल तर स्लॅबनं 61,500 येतात, पण 12 लाखांच्या वर फक्त 10,000 कमावलेत म्हणून टॅक्स 10,000 च, सेस धरून 10,400. फुकटात फिरणाऱ्या बऱ्याच शीटमधे हे नसतं आणि बिचाऱ्याचे 50,000 जास्त कापले जातात. हे आकडे टाकून तुमची शीट तपासा.

टॅक्स बसणाऱ्या माणसाचा पॅन नसेल, किंवा आधारशी लिंक नसल्यामुळं बंद पडला असेल, तर किमान 20 टक्के कापावे लागतात. आधी पॅन नीट करायला पाठवा.

कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला जमा, मार्चचे फक्त 30 एप्रिलपर्यंत. चलनात डिडक्टी (ज्याचा टॅक्स कापला तो) नॉन-कंपनी निवडायचा. कंपनी तुम्ही आहात, पगार घेणारा नाही. आणि सातची आठ होऊ देऊ नका, व्याज महिन्याला दीड टक्का आहे आणि ट्रेसेस (टीडीएसची सरकारी वेबसाइट) कॅलेंडर महिना मोजतं, 30 एप्रिलला कापून 8 मेला भरलं तर दोन महिन्यांचं, म्हणजे तीन टक्के. शेठला हे आकड्यात दाखवा, "भरू की उद्या" बंद होतं.

24क्यू, म्हणजे पगाराच्या टीडीएसचं तिमाही रिटर्न, त्याच्या तारखा 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी आणि 31 मे, उशीर झाला तर दिवसाला 200 लेट फी. शेवटच्या तिमाहीत प्रत्येकाचा वर्षभराचा तपशील जातो, तिथं पॅनचं एक अक्षर चुकलं तर त्या माणसाच्या 26एएस मधे (कापलेल्या टॅक्सच्या सरकारी नोंदीत) काही दिसत नाही आणि त्याची होम लोनची फाइल बँकेत अडकते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, म्हणून मी कलमांचे नंबर मुद्दाम दिले नाहीत. इथला हिशोब आणि फॉर्मचे नंबर 2025-26 चे आहेत.

फॉर्म 16 (पगार आणि टीडीएसचा दाखला) ट्रेसेसवरूनच डाउनलोड करून 15 जूनच्या आत द्या. वर्डमधे टाइप करून सही मारलेला चालत नाही, कोणी कितीही सांगू द्या.