पडदेवाल्याला घरी बोलावण्याआधी

मोकळ्या भिंतीवरच्या सरळ चौकोनी खिडकीसाठी हे लिहिलेलं नाही. तिला काहीही चालतं. नाशिकच्या मेन रोडला जा, पाच फुटी तयार जोडी उचला, पाइप ठोका, झालं. इथे विचार करायचाय तो अडचणीच्या खिडक्यांचा: कपाटाला खेटलेली, एसीखाली दबलेली, ओट्यावरची, वाड्यातली आत उघडणारी, नव्या फ्लॅटच्या कोपऱ्यात काटकोनात वळलेली. अशा खिडकीसाठी कापड सगळ्यात शेवटी निवडायचं असतं. आपण नेमके दुकानात जाऊन आधी कापडाच्या प्रेमात पडतो आणि मग खिडकीला त्यात कोंबायला बघतो.

तेव्हा पहिलं काम वही घेऊन घरात फिरायचं. प्रत्येक खिडकीची दिशा लिहा. मोबाइलमधलं होकायंत्र वापरणार असाल तर खिडकीपासून चार पावलं मागे उभे राहा, लोखंडी ग्रिलजवळ ते भलतीच दिशा दाखवतं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारीसुद्धा किंचित उत्तरेलाच राहतो. जूनमध्ये तो मावळतो तेही पश्चिमेच्या पंचवीसेक अंश उत्तरेला. म्हणून ‘उत्तरेची खिडकी, तिला ऊन कसलं’ असं म्हणणाऱ्या घरात मे महिन्यात संध्याकाळी टीव्हीवर तिरीप पडते आणि सगळे चकित होतात. दक्षिणेचं याच्या उलट. उन्हाळ्यात वरचा छज्जा ऊन अडवतो, पण डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो आणि ऊन छज्ज्याखालून थेट खोलीत उतरतं. निफाडच्या थंडीच्या बातम्या येऊ लागल्या की हे ऊन आपल्याला हवंच असतं. म्हणजे दक्षिणेला असा पडदा हवा, जो काचेवरून पूर्णपणे बाजूला होतो. पाइप खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा ते नऊ इंच जास्त घेतला की गोळा झालेला पडदा भिंतीवर जातो आणि काच मोकळी राहते.

पश्चिमेच्या खिडकीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. आतून उजेड अडवणारा जाडजूड ब्लॅकआउट पडदा लावला तरी एप्रिलमध्ये खोली तापतेच. ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पांढऱ्या किंवा चंदेरी पाठीचं कापड त्यातलं थोडं ऊन काचेतून परत बाहेर फेकतं, तेवढाच फायदा. खरा उपाय काचेच्या बाहेर. बाल्कनीला बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडला की आतला साधा सुती पडदाही पुरतो. बाहेर काही टांगायचं तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, आणि चिक घेताना खाली बांधायला दोन्ही कोपऱ्यांना दोरी किंवा हूक मागून घ्या. आपल्याकडे जूनपासून वारा पश्चिमेकडूनच येतो. मोकळी लोंबणारी चिक ग्रिलवर रात्रभर आपटते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी वर येतात. पावसाळ्याआधी ती गुंडाळून माळ्यावर टाकलेली बरी.

बाहेर टांगायला परवानगीच नसेल, तर रोलर ब्लाइंडमध्ये, म्हणजे नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्यात, सनस्क्रीन नावाचं जाळीदार कापड मिळतं. विणीत किती टक्के भोकं आहेत त्यावरून त्याचा प्रकार ठरतो: १, ३, ५, १०. पश्चिमेला १ किंवा ३ च्या पुढे जाऊ नका. फिक्या रंगाचं कापड ऊन जास्त परतवतं, गडद रंगाच्या कापडातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. दोन्ही एकाच कापडात मिळत नाही. आणि रात्री आत दिवा लागला की बाहेरच्यांना आतलं दिसतं, हे विक्रेता आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. काचेवरच्या आरशासारख्या फिल्मचंही तसंच, दिवसा झाकते आणि रात्री उघडं पाडते. दुधी फिल्म मात्र दिवसरात्र सारखीच झाकते.

दिशा लिहून झाली की खिडकी कशी वागते ते बघा. आत उघडते की बाहेर, की सरकते? जाळीचं दार वेगळं आहे का? कडी कुठल्या बाजूला, हात कुठून घालावा लागतो? समोर कुणाची खिडकी आहे? दोन-चार दिवस जुनी चादर खिळ्यांना अडकवून बघा. फुकटची गोष्ट आहे, पण पडदा वाऱ्याने जाळीला चिकटतो का, सकाळी कुणाच्या डोळ्यांवर उजेड येतो, कपाटाचं दार त्यात अडकतं का, हे सगळं चादरच सांगते. बंद खिडकीवर प्रयोग करण्यात अर्थ नाही, रोज उघडता तशीच उघडी ठेवा.

आता माप. स्टीलची टेप घ्या, शिवणाच्या कापडी टेपने ब्लाइंडचं माप घेऊ नका. ब्लाइंड खिडकीच्या चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. समजा वर ४७ इंच सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरली, मध्ये ४७ इंच चार सूत आणि खाली ४७ इंच दोन सूत. अर्ध्या इंचाचा फरक, डोळ्याला अजिबात न दिसणारा. गिलाव्यात असा फरक अगदी नेहमीचा. कारागिराला सगळ्यात कमी तेच माप द्यायचं, नाहीतर ब्लाइंड खाली येताना कडेला घासून कापडाचे धागे सुटतात. उंचीही अशीच तीन ठिकाणी. मग दोन्ही कर्ण मोजा; ते सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी आहे आणि आत बसवलेला ब्लाइंड तो तिरकेपणा आणखी उठून दाखवेल. अशा वेळी भिंतीवर, बाहेरून बसवा. आत बसवण्यासाठी चौकटीची खोली रोलरला अडीच-तीन इंच तरी लागते. आणि रोलरचं कापड नळी धरणाऱ्या कंसांपेक्षा (ब्रॅकेटपेक्षा) अरुंदच असतं, म्हणून दोन्ही कडांना उजेडाची बारीक पट्टी राहणारच. झोपायच्या खोलीत जिला काळोख हवा ती व्यक्ती त्या पट्टीवरून वर्षभर बोलते.

स्वयंपाकघराची खिडकी. गॅस खिडकीच्या अगदी खाली असेल तर कापड नकोच. पॉलिएस्टर तर वितळून चिकटतं. खालच्या अर्ध्या काचेला दुधी फिल्म लावा, वरचा भाग उघडा ठेवा. गॅस बाजूला आणि खिडकी सिंकवर असेल तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा व्हेनेशियन ब्लाइंड किंवा स्प्रिंगच्या दांड्यावरचा अर्धा सुती पडदा चालतो. पट्ट्यांवर फोडणीचं तेल आणि धूळ मिळून जो थर बसतो तो काढणारं माणूस घरात आहे का, याचं खरं उत्तर आधी द्या. नसेल तर अर्धा पडदाच बरा, दोन जोड शिवायचे आणि आलटूनपालटून धुवायचे. न्हाणीघराच्या तिरप्या काचांना काही लावू नका, वाफ जायला जागा हवी.

एसीची अडचण दोन प्रकारची. स्प्लिट एसी खिडकीच्या डोक्यावरच बसवला असेल आणि मध्ये चारच इंच उरत असतील, तर पाइप तिथे मावत नाही, मावला तरी पडद्याचा वरचा भाग थंड हवेच्या वाटेत फडफडतो. तिथे चौकटीच्या आत रोलर, हाच सुटसुटीत मार्ग. खिडकीतला एसी असेल तर तो पडद्याने झाकायचाच नाही, जाळीतून हवा ओढताना तो कापडच ओढून घेतो. एसीच्या वर आखूड आणि शेजारी पूर्ण लांबीचा असे दोन वेगवेगळे ब्लाइंड करा. दिसायला थोडं विचित्र दिसतं, पण एकच रंग घेतला की डोळे सरावतात.

पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींमध्ये काटकोनातल्या कोपरा-खिडक्या पुष्कळ दिसतात. दोन पाइप कोपऱ्यात जोडणारा कोपरा-तुकडा बाजारात मिळतो, पण आयलेटच्या, म्हणजे पडद्याच्या वरच्या भोकांत बसवलेल्या, रिंगा तिथल्या कंसावरून पुढे जात नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंना स्वतंत्र जोड्या करा, नाहीतर छताला वळवलेला ट्रॅक लावा. रोलर लावणार असाल तर कुठला आधी भिंतीपर्यंत जाणार आणि कुठला त्याला येऊन टेकणार हे मापाच्या वेळीच ठरवा. साखळ्या दोन्हींच्या बाहेरच्या टोकांना. जिन्यातल्या उंच खिडकीबद्दल एकच प्रश्न: ती रोज उघडझाक करायची आहे का? नसेल तर स्थिर शिअर (पातळ, आरपार दिसणारा पडदा) किंवा फिल्म. असेल तर बॅटरीवर चालणारी मोटर घ्या, पण बॅटरी चार्ज करायला शिडी लावावी लागणार नाही ना ते विचारा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्या मला सगळ्यात आवडतात आणि त्यांचंच सगळ्यात जास्त वाटोळं केलं जातं. दोन-दोन फुटी भिंत, गज, आत उघडणारी सागवानी झडप. भिंतीवर पाइप लावून मोठा पडदा सोडला की झडपा उघडताना तो त्यांच्यात गुंडाळतो, आणि मग झडपा कायमच्या बंद होतात किंवा पडदा कायमचा गाठ मारलेला राहतो. इथे आपल्या आज्यांची युक्ती चालते: स्प्रिंगची तार आणि दोन हूक. प्रत्येक झडपेला तिच्या मापाचा छोटा पडदा, वर एक तार, खाली एक तार. झडप उघडली की पडदा तिच्याबरोबर जातो. सागवानात जाड स्क्रू मारू नका, बारीक हूक पुरेत. चुन्याच्या गिलाव्यात ड्रिल घातलं की भुगाच पडतो आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) धरत नाही. भिंतीवरच काही लावायचं झालं तर आधी लाकडी पट्टी घट्ट बसवून घ्या, मग पट्टीवर कंस. कमानीच्या खिडकीला कमान झाकू नका. पाइप कमानीच्या खाली घ्या, वरचा उजेड येऊ द्या.

भिंतीची चौकशी नव्या घरातही करायचीच. खिडकीच्या वर लिंटेल (आडवी तुळई) असेल तर ते काँक्रीट आहे, हॅमर ड्रिलशिवाय भागत नाही. हलक्या सिमेंटच्या ब्लॉकची भिंत असेल तर उलट, साधी गिट्टी सैल होऊन महिन्याभरात पाइप खाली येतो. त्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी मागा. बिल्डरकडे भिंत कशाची ते विचारा, वायर कुठून गेली तेही. अॅल्युमिनियमच्या चौकटीत भोक पाडू देऊ नका, पावसाळ्यात पाणी तिथूनच आत येतं. भाड्याच्या घरात चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा, तोही हलक्याच पडद्यासाठी.

घरात लहान मूल असेल किंवा पाहुण्यांची मुलं येत असतील तर लोंबणाऱ्या दोऱ्यांचा विषय गंभीर आहे; अशा फासात मुलांचे गळे अडकून मृत्यू झालेले आहेत. ब्रिटनमध्ये दोरी-साखळी जमिनीपासून किमान १.५ मीटर वर राहावी असा नियम आहे. आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून आपणच मागायचं: दोरी नसलेला ब्लाइंड, नाहीतर साखळी भिंतीला ताणून धरणारी क्लिप. आणि त्या खिडकीखाली पलंग किंवा पाळणा नको.

आता कापड. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा ४८ इंच असतो. पाइपच्या लांबीच्या दुप्पट तरी कापड हवं, अडीचपट असलं तर चुण्या छान पडतात. सहा फुटी पाइपला तीन पन्हे म्हणजे बरोबर दुप्पट. दुकानदार दोनांत भागवू म्हणाला तर पडदा ओढल्यावर चुण्याच उरत नाहीत. उंचीला वरची-खालची दुमड धरून दहा-बारा इंच जास्त घ्या, मोठं डिझाइन असेल तर ते जुळवायला आणखी. सुती कापड आटतं, शिवण्याआधी भिजवून घ्या. घेण्याआधी हातभर तुकडा घरी आणा आणि भर उन्हात त्याच खिडकीसमोर धरा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच ब्लॅकआउट काळेकुट्ट असतात, घरी सुयांनी टोचल्यासारखी भोकं दिसतात. झेब्रा ब्लाइंडचं (आलटूनपालटून जाड आणि पारदर्शक आडव्या पट्ट्यांचा) मला फारसं कौतुक नाही. पट्ट्या जुळवण्यात सकाळ जाते आणि पूर्ण काळोख कधीच होत नाही. बैठकीच्या खोलीत ठीक.

शिंपीदादांना माप देताना ‘उंची सात फूट’ एवढंच सांगू नका. तयार उंची सांगा, ती पाइपच्या वरून मोजली की रिंगेच्या मध्यापासून तेही सांगा, आणि खाली फरशीपासून अर्धा-पाऊण इंच वर ठेवायला सांगा, म्हणजे फरशी पुसताना पडदा भिजत नाही. आयलेट सम संख्येत लावून घ्या, दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. रिंगेचा आतला व्यास पाइपपेक्षा मोठा आहे ना ते पाइपचा तुकडा नेऊन बघा. आणि दसऱ्यानंतर दिवाळीआधी मिळतील अशा आशेवर कुणी जाऊ नये. गणपती उठले की लगेच टाका.

बसवायच्या दिवशी खिडकीखालचं सामान हलवून ठेवा, एक्स्टेंशन बोर्ड आणि शिडी तयार ठेवा, ड्रिलच्या भुग्यासाठी जुनी वर्तमानपत्रं पसरा. साखळी डावीकडे की उजवीकडे हे चौकटीवर पेन्सिलने लिहून ठेवा, फिटर घाईत असतात. खिडकी उघडी ठेवून ब्लाइंड वर-खाली करून बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. उरलेलं कापड आणि चार जादा रिंगा मागून घ्या, आणि सगळी मापं वहीच्या त्याच पानावर तारखेसह उतरवून ठेवा.