लेथसाठी आटे पाडण्याचे आणि पार्टिंगचे टूल कसे निवडावे

साध्या टर्निंगमध्ये टूल थोडेफार इकडेतिकडे झाले तरी काम निभावते. आटे पाडणे आणि पार्टिंग (जॉब, म्हणजे कामाचा धातूचा तुकडा, आरपार कापून वेगळा करणे) ही दोन कामे मात्र तशी सूट देत नाहीत. आटे पाडताना टूलच्या टोकाचा आकार जसाच्या तसा जॉबवर उतरतो, तर पार्टिंगचे पातळ पाते दोन्ही बाजूंनी धातूच्या भिंतींमध्ये अडकलेले असते. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी आपल्या लेथची ताकद आणि गती जाणून घ्यावी.

आधी लेथ मोजावा

टूल पोस्टमध्ये टूल ज्या बैठकीवर बसते, तिथपासून स्पिंडलच्या मध्यरेषेपर्यंतची उंची मोजावी. बाहेरून काम करणाऱ्या बहुतेक होल्डरमध्ये धारेची उंची शँकच्या (होल्डरच्या दांड्याच्या) उंचीइतकीच असते. त्यामुळे ही उंची १४ मिलिमीटर भरली, तर १६ मिलिमीटरचा होल्डर कितीही चांगला असला तरी निरुपयोगी ठरतो, आणि १२ मिलिमीटरचा होल्डर २ मिलिमीटर पॅकिंग देऊन नीट बसतो. त्याचबरोबर स्पिंडलची सर्वांत कमी गती किती आहे आणि चक (जॉब धरणारी पकड) स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला आहे की बोल्टने, हेही पाहून ठेवावे. चक आट्यांवर असेल, तर स्पिंडल उलटा फिरवून कापताना तो सैल होऊ शकतो.

आटे पाडण्याचे टूल

पहिला प्रश्न कोनाचा. मेट्रिक आणि युनिफाइड आट्यांचा कोन ६० अंश, व्हिटवर्थ आणि ब्रिटिश पाइप आट्यांचा ५५ अंश, मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आट्यांचा ३० अंश, तर अ‍ॅक्मेचा २९ अंश असतो. कोन चुकला तरी नट कधीकधी चढतो, पण आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत.

दुसरा प्रश्न हायस्पीड स्टील की कार्बाइड, आणि त्याचे उत्तर गतीत आहे. समजा, २० मिलिमीटर व्यासावर दीड मिलिमीटर पिचचे (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे खांद्यापर्यंत, म्हणजे जिथे जॉबचा व्यास एकदम वाढतो तिथपर्यंत, न्यायचे आहेत आणि खांद्याजवळ ३ मिलिमीटरचा मोकळा गाळा ठेवला आहे. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर टूल तो गाळा ०.४ सेकंदात ओलांडते; एवढ्यात हाफ नट (टूलची चाल जोडणारी-सोडवणारी पकड) उघडणे कसलेल्या हातालाही अवघड. ६० फेऱ्यांवर २ सेकंद मिळतात, पण कापण्याची गती मिनिटाला जेमतेम ३.८ मीटर राहते. इतक्या कमी गतीला कार्बाइडच्या धारेवर धातू चिकटतो आणि आट्यांची बाजू खरबरीत निघते, तर हायस्पीड स्टीलची तीक्ष्ण धार तेलाच्या थेंबांवर गुळगुळीत कापते. म्हणूनच हाताने चालवायच्या लेथवर खांद्यापर्यंतचे आटे पाडायचे असतील, तर सेंटर गेजवर (कोन तपासण्याच्या पट्टीवर) तपासून घासलेला हायस्पीड स्टीलचा बिट हीच माझ्या मते पहिली निवड असावी. जिथे आटे मोकळ्या टोकापर्यंत जातात किंवा गती वाढवता येते, तिथे इन्सर्ट (होल्डरमध्ये बसवायचे, बदलता येणारे कार्बाइडचे टोक) वेळ वाचवते.

इन्सर्ट घेताना त्यावरील अक्षरे वाचावीत. ‘१६ ईआर एजी ६०’ म्हणजे १६ मिलिमीटर लांबीच्या कडेचे, बाहेरच्या आट्यांचे, उजव्या हाताचे, ६० अंशांचे आणि ०.५ ते ३ मिलिमीटर पिच सांभाळणारे इन्सर्ट. ‘ए ६०’ हे साधारण १.५ मिलिमीटर पिचपर्यंत आणि ‘जी ६०’ हे १.७५ ते ३ पर्यंत चालते. एकच ‘एजी’ सगळीकडे चालवण्याचा मोह होतो, परंतु त्याचे टोक सर्वांत बारीक पिचसाठी घडवलेले असल्याने मोठ्या पिचला ते नेहमीपेक्षा खोल न्यावे लागते. अशा वेळी ‘पिच गुणिले ०.६१३’ या नेहमीच्या हिशोबावर न थांबता नट किंवा गेज लावून पाहावे. एकाच पिचचे काम वारंवार असेल, तर त्या पिचचे पूर्ण आकाराचे इन्सर्ट घ्यावे, कारण ते आट्याचा माथाही स्वतःच घडवते.

इन्सर्टखालची शिम (पातळ आधारपट्टी) दुर्लक्षित राहते. ती बहुधा १.५ अंश कलती असते आणि नेहमीच्या पिचला पुरते. मात्र २० मिलिमीटर व्यासावर २.५ मिलिमीटर पिच घेतल्यास आट्यांचा कल सुमारे अडीच अंश होतो, तेव्हा त्याला जुळणारी शिम घालावी, नाहीतर इन्सर्टची एक बाजू घासू लागते.

आतल्या आट्यांसाठी वेगळे इन्सर्ट आणि वेगळा बार लागतो. छिद्रात चिप निघायला जागा ठेवून मावेल तेवढा जाड बार निवडावा, आणि स्टीलचा बार व्यासाच्या तिपटी-चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये.

पार्टिंगचे टूल

येथे निवड रुंदीची आहे. रुंद पात्याला जास्त जोर लागतो आणि हलका लेथ थरथरू लागतो. अरुंद पाते जोर कमी मागते, पण खोल खाचेत वाकते. छोट्या लेथवर २ मिलिमीटर रुंदीचे पाते योग्य, भक्कम मशीनवर ३ मिलिमीटरचे. ‘एमजीएमएन २००’ आणि ‘३००’ या इन्सर्टमधले आकडे हीच रुंदी सांगतात.

पाते जॉबच्या त्रिज्येपेक्षा एक-दोन मिलिमीटरच जास्त बाहेर असावे. ४० मिलिमीटरच्या गोल सळईला साधारण २२ मिलिमीटर लागतात, परंतु ४ मिलिमीटर जाडीच्या नळीला ६ मिलिमीटर पुरतात. म्हणून बाहेर काढलेली लांबी कमीजास्त करता येणारा, ब्लॉकमध्ये सरकणाऱ्या पात्याचा होल्डर एकाच खोलीच्या होल्डरपेक्षा सोयीचा पडतो. तिरक्या धारेचे इन्सर्ट तुटणाऱ्या तुकड्यावर बोंड (मधोमध उरणारा छोटा उंचवटा) कमी ठेवते. मात्र तो तिरकेपणा पात्याला बाजूला ढकलतो, त्यामुळे खोल कापणीला सरळ धारच घ्यावी.

बसवताना धार मध्यरेषेवर ठेवावी, आणि डायल गेज पात्याच्या कडेला टेकवून क्रॉस स्लाइड (टूल आडवे नेणारी सरक) पुढे-मागे करत पाते काटकोनात आहे का ते पाहावे. कापणी चकच्या जवळ घ्यावी, कॅरेज (टूल पोस्ट वाहणारा सरकता भाग) लॉक करावे, आणि टेलस्टॉक सेंटरच्या आधारावर असलेला जॉब आरपार तोडू नये. तुकडा सुटताना पाते खाचेत आवळले जाते. घाबरत घाबरत दिलेले फीड (पाते आत सरकवण्याचा वेग) पात्याला नुसते घासत ठेवते, म्हणून कूलंट भरपूर सोडून फेरीला ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फीड सलग द्यावे आणि केंद्राजवळ ते कमी करावे. इन्सर्ट योग्य असेल तर चिप खाचेपेक्षा अरुंद होऊन वळत बाहेर येते. तुटलेला पृष्ठभाग बशीसारखा खोल किंवा फुगीर निघाला, तर इन्सर्ट बदलण्याआधी पात्याचा काटकोन पुन्हा तपासावा.