शरदात तलावावरचे दुर्मीळ पाहुणे हुकतात कशामुळे? या चुका टाळा

दसरा ते दिवाळी या दिवसांत विदर्भातले पक्षीवेडे हमखास मोठ्या धरणांकडे निघतात. अप्पर वर्धा, बेंबळा, इटियाडोह, गोसेखुर्द. तिथे पोचल्यावर नजर पोचेल तिथवर पाणी असतं आणि पक्षी म्हणाल तर मध्यभागी चार ठिपके. मग “यंदा पाहुणे आलेच नाहीत” असा निष्कर्ष निघतो. पाहुणे आलेले असतात. पाणी चुकीचं निवडलेलं असतं.

पाऊस बरा झाला असेल तर ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलेलं असतं. काठाला चिखल नाही, उथळ पाणी नाही, बेटं बुडालेली. टिलवे, तुतारी, चिखल्या या काठावर चरणाऱ्या लहान पक्ष्यांना लागतो नुकता उघडा पडलेला किंवा चार बोटं पाण्याखालचा गाळ. डोकं बुडवून, शेपूट वर करून खाणाऱ्या बदकांना हातभर पाणी पुरतं. ही मोठी धरणं खरी रंगतात ती जानेवारीनंतर, कालव्यांना पाणी सुटून गाळाची बेटं वर आली की.

शरदात शोधायचं ते लहान पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले सिंचनाचे तलाव) आणि बोड्या (लहान तळी) आहेत. धान निसवायच्या वेळी पावसानं ताण दिला की तलावाचं तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडतात, बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) पाणी जातं आणि काही दिवसांतच पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) समोरच्या, वरच्या अंगाला चिखलाचा पट्टा दिसू लागतो. पक्षी उतरतात ते तिथे. म्हणून गावात फोन करायचाच असेल तर “पक्षी आले का?” असं विचारू नका, “तलावाचं पाणी सोडलं का, आणि कधी?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक तुमचं मन राखायला हो म्हणतात, दुसऱ्याचं उत्तर नेमकं मिळतं. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळकडे हेच काम लघुप्रकल्प आणि पाझर तलाव करतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी त्यांचा काठ ऑक्टोबरातच उघडा पडतो, आणि असं वर्ष शेतकऱ्याला वाईट असलं तरी चिखलपक्ष्यांसाठी चांगलं असतं.

समुद्रातल्या बेटाचा हिशेब तलावाला लावणे

ब्रिटनजवळची सिली आणि शेटलंड बेटं किंवा उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड शरदातल्या दुर्मीळ पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथली गंमत साधी आहे. समुद्रावरून जाणारा थकलेला, वाऱ्यानं भरकटलेला पक्षी पहिली जमीन दिसेल तिथे उतरतो. जमीन लहान आणि झुडपं मोजकी, त्यामुळे प्रत्येक झुडूप तपासता येतं. तिथली प्रवासवर्णनं वाचून आपल्याकडचे लोक नवेगावबांध तलावातल्या मालडोंगरी बेटाकडे त्याच आशेनं दुर्बीण लावतात. पण आपल्या तलावातल्या बेटावर पक्षी थकून कोसळत नाही. कुत्रं, कोल्हा आणि माणूस पोचत नाही म्हणून तो तिथे विसावतो. तेव्हा बेट बघायचं ते दुपारच्या विश्रांतीच्या वेळी, खाणाऱ्या पक्ष्यांसाठी नाही. सकाळी काठावर विखुरलेले चिखल्या आणि तुतारी दहा-अकरानंतर बेटावर किंवा उघड्या पडलेल्या बांधावर एकत्र दाटीनं बसतात, आणि वेगळा पक्षी उठून दिसतो तो अशा दाटीतच.

समुद्रकाठच्या हिशेबातली एक गोष्ट मात्र इथेही चालते, ती म्हणजे हवामान. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा कधीकधी आपल्याकडे सरकतो. दोन-तीन दिवस ढग, झिमझिम आणि उलटा वारा. या काळात प्रवासातले पक्षी अडकून पडतात. आभाळ मोकळं व्हायच्या दिवशी भल्या सकाळी तलाव गाठायचा. दुसऱ्या दिवशी तोच काठ रिकामा असू शकतो.

महिना चुकणे

“हिवाळी पाहुणे” हा शब्दच घोटाळा करतो. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी जुलैअखेर-ऑगस्टपासून दिसू लागतात. पिवळा धोबी आणि भुवई बदक सप्टेंबरात येतं. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, गडवाल ऑक्टोबरात वाढत जातात. पट्ट कादंब आणि बाहेरून येणारे करकोचे यांच्यासाठी नोव्हेंबर उजाडावा लागतो. अमूर ससाणा तर फक्त वाटसरू. ईशान्य भारतात थांबून तो नोव्हेंबरात मध्य भारतावरून अरबी समुद्राकडे आणि पुढे आफ्रिकेला जातो. त्याला पाण्यावर शोधू नका. कापणी झालेल्या वावरांवरच्या तारा आणि सकाळी उबेच्या वाऱ्यावर चढणारे थवे बघा. नर गडद राखी, पंखाखाली पुढचा भाग पांढरा आणि पाय नारिंगी-लाल. तारेवरच्या खरूचीला (हाही एक लहान ससाणाच) घाईनं अमूर ठरवणारे दरवर्षी असतात, त्यांनी पाठीचा विटकरी रंग आधी बघावा.

सणांचं वेळापत्रकही महिन्याइतकंच महत्त्वाचं. विसर्जनाच्या आठवड्यात गावतलावावर जाण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या फटाक्यांनी गावालगतचं पाणी रिकामं होतं आणि पक्षी दोन-तीन किलोमीटरवरच्या बोडीवर सरकतात. शिंगाड्याच्या तलावात तोडणी सुरू असेल तर तोडणीच्या विरुद्ध टोकाला बघा.

पुस्तकातला रंगीत नर शोधणे

सगळ्यात जास्त पक्षी इथे हुकतात, आणि सगळ्यात जास्त खोटे “दुर्मीळ” पक्षी इथेच जन्माला येतात.

उत्तरेकडून येणारे नर बदक वीण संपल्यावर चमकदार पिसं टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते मादीसारखे मातकट दिसतात आणि बऱ्याच जातींचे नर नोव्हेंबर-डिसेंबरापर्यंत रंगात येतात. त्यामुळे डोक्याचा रंग सोडा. चोचीचा आकार, पंखावरचा चमकता पट्टा आणि अंगाची ठेवण बघा. थापट्याची चोच टोकाला फावड्यासारखी पसरट. गडवालच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरा चौकोन, पोहतानाही तो अधूनमधून डोकावतो. चक्रांगच्या पंखात हिरवा पट्टा आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर गडद-फिकट आडव्या रेघा ठळक. तलवार बदकाची मान लांब, चोच राखी. तरंगाचं डोकं गोल, चोच आखूड, पोट पांढरं. एवढ्या सहा जाती पाठ झाल्या की सातवं निराळं बदक आपोआप खटकतं. त्या सहा न येता थेट दुर्मिळाच्या पानावर उडी मारली तर प्रत्येक गडवाल मादी काहीतरी भलतीच वाटते.

शेंडी बदकाच्या मादीला चोचीच्या मुळाशी थोडा पांढरा पट्टा असू शकतो, क्वचित शेपटीखालीही पांढरं असतं. एवढ्यावर दुसरी जात ठरवू नका. डोक्यामागची लहानशी शेंडी वाऱ्यात हलेपर्यंत थांबा.

टिलव्यांमध्ये घोळ पायांचा. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवे. पण काळ्या गाळात फिरून आलेल्या पक्ष्याचे पाय सगळे काळेच. तो पाण्यात जाऊन पाय धुईपर्यंत नाव लिहू नका, किंवा तो उडायची वाट बघा: टेमिंकचा टिलवा उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात आणि तो बारीक थरथरत्या आवाजात ओरडत झपकन उंच जातो. छोट्या टिलव्याच्या पिल्लांच्या पाठीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात फिकट इंग्रजी ‘व्ही’ असतो. लोक त्यालाच निराळी जात समजतात.

पाणलाव्यांबाबत (इंग्रजीत स्नाइप) तर सरळ सांगायचं: बसलेल्या पक्ष्यावरून पैज लावू नका. साध्या पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ असते, सुईशेपटी पाणलाव्याला ती नसल्यात जमा आणि उडताना त्याचे पाय शेपटीबाहेर जास्त येतात. फोटो हवा तो उडतानाचा.

आणखी काही नेहमीची फसगत. मातकट ठिपक्यांचं रातबगळ्याचं पिल्लू. नकट्याची मादी, जी लांबून हंसासारखी भासते. गावतलावावरची पाळीव बदकं आणि त्यांची संकरित पिल्लं. आणि गोंदियाच्या बांध्यांमधले सारस, जे पाहुणे नाहीतच, बारमाही राहणारे आहेत. शरदात त्यांच्यासोबत पिल्लू असण्याची शक्यता मोठी, म्हणून जवळ जाऊ नका.

दुर्बीण आणि ऊन

दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. पण ती बहुतेकांच्या हातात नीट जुळवलेलीच नसते. डावीकडचा डोळा उघडा, उजवं नळकांडं झाका आणि मधलं चाक फिरवून दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा, कारण उसनी दिली की ती फिरून येतेच. चष्मा असेल तर रबरी कडा आत दाबा.

सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पाळ पश्चिमेला असेल तर सकाळी ती सोडा, संध्याकाळी वापरा. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) ६० पटीपर्यंत वाढवला तर फक्त थरथर मोठी होते, २० ते ३० वरच ठेवा. सप्टेंबरच्या दमट हवेत भिजलेली दुर्बीण बंद पिशवीत ठेवली की काचेवर बुरशी धरते. आधी वाळवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

जवळ जाण्याचा मोह

मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचा डोंगा (लहान होडी) मिळाला म्हणून बेटाला वळसा घालू नका. ऑक्टोबरात बेटावरच्या झाडांवर पाणकावळे, बगळे, उघड्या चोचीचे करकोचे यांची पिल्लं अजून असू शकतात. मोठी मंडळी उडाली की कावळे आणि घारी घरट्यांकडे येतात, आणि उघडी पडलेली पिल्लं उन्हात तापतात. उतरू तर नकाच. बदकांच्या थव्यापासून दीडशे-दोनशे मीटर राखा. माना ताठ झाल्या, थवा एका बाजूला सरकू लागला, की थांबा आणि बसा. पाच-दहा मिनिटांत थवा पुन्हा खायला लागतो. मासेमारी संस्थेकडे ठेका असलेल्या तलावावर संस्थेला विचारा, व्याघ्र प्रकल्पातल्या तलावावर वनविभागाला. जीवरक्षक जॅकेटशिवाय डोंग्यात पाय ठेवू नका.

अंधारात धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालणं ही चूक जिवावर बेतू शकते. रानडुकरांसाठी वावराभोवती करंट सोडलेली तार असते, ती पहाटे दिसत नाही. आदल्या दिवशी शेतकऱ्याला विचारून वाट ठरवा आणि उजाडल्यावरच पाळीवर चढा. गवतात घोणस असते म्हणून गुडघ्यापर्यंत बूट घाला. नुकती फवारणी झालेल्या कपाशीतून वाट काढू नका. ब्रह्मपुरी, नवेगाव भागातल्या जंगलालगतच्या तलावांवर पहाटे एकट्यानं पायी जाणं वाघामुळे टाळावं.

नोंद

पुस्तक किंवा पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप उघडायच्या आधी वहीत लिहा: आकार कोणत्या ओळखीच्या पक्ष्याएवढा, चोच, पाय, पंखातला पट्टा, काय खात होता, सोबत कोण. ॲपनं नाव सुचवलं की डोळे तेच बघू लागतात. फोटो एक सुंदर नको, चार सामान्य हवेत: बाजूनं, समोरून, उडताना वरून आणि खालून. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड संकेतस्थळावर प्रत्येक तलावाची वेगळी यादी करा, दिसलेले सगळे पक्षी लिहा आणि आकडे टाका. मोठा थवा असेल तर पन्नास मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि थवाभर किती वेळा बसते ते बघा. पडताळणी करणाऱ्यानं तपशील मागितला तर रागावू नका. वर्णन पाठवा, आणि नसेल तर नोंद “बदक, जात अनिश्चित” अशी ठेवा.

पट्ट कादंबाच्या मानेत रंगीत पट्टी किंवा कोणाच्या पायात कडी दिसली तर आधी पट्टीचा रंग, मग अक्षरं-आकडे वरून खाली ज्या क्रमानं दिसतील तसे, मग पाय डावा की उजवा हे लिहा. एखादं अक्षर नीट दिसलं नाही तर अंदाजानं भरू नका, तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. तारीख, तलाव आणि तालुका जोडून ही नोंद बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पाठवा.