जुलैत वास येतो, चूक फेब्रुवारीत झालेली असते : सोसायटीच्या खतहौदातल्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जुलैत एक मेसेज हमखास पडायचा : "बी विंगच्या मागे उंदीर मेलाय का?" उंदीर नसायचा. खताचा हौद असायचा. मग चार जण हौद बंद करा म्हणायचे, दोघं थेट माझ्या दारात यायचे आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये मला बघितलं की नाकाला रुमाल लावायचे. सहा वर्षं मी हा हौद सांभाळतेय. पहिली दोन वर्षं काकांचा रुमाल रास्त होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुण्यात असे हौद जागोजागी आहेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना तर वेगळा धडाच घालून दिला. महापालिका मिळकतकरात सवलतही देते : गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक सोय चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. आणि नियमांच्याही आधीपासून उरुळी देवाची आणि फुरसुंगी या कचरा डेपोलगतच्या गावांची माणसं शहराचा कचरा नाकापुढे सोसत होती, गाड्या अडवत होती. तेव्हा हौद बांधायला कारणं भरपूर. तरी बांधलेले हौद दोन पावसाळ्यांत बंद पडतात, आणि माझ्या मते दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं : ओल्या कचऱ्याचा बंदोबस्त सगळे करतात, सुक्या पाल्याचा कोणीच करत नाही.

पाला जाळणं, किंवा टेंपोत घालून घालवणं

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन कमी. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनामागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. हा कार्बन पाल्यात, भुश्शात, कोकोपिटात (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्शात) असतो. तो नसला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. शिवाय कचरा आपल्याच पाण्यात बसून राहतो, मधली हवा संपते आणि कुजण्याऐवजी नासणं सुरू होतं.

हिशेब वजनाने करायच्या भानगडीत पडू नका, बादलीने करा. उन्हाळ्या-हिवाळ्यात एक बादली ओल्या कचऱ्याला एक बादली चुरलेला पाला. पावसाळ्यात दीड ते दोन. आमच्या ६४ घरांचा रोज साधारण ३० किलो ओला कचरा निघतो, म्हणजे वीस लिटरच्या तीन बादल्या. जून ते सप्टेंबर निभावायला आम्हाला ठासून भरलेली ७० ते ८० पोती पाला लागतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे किती होती? शून्य. कारण फेब्रुवारीत रेन ट्री आणि सोनमोहर झडत होते तेव्हा आम्ही झाडलोट करणाऱ्या माणसाला पैसे देऊन तो पाला हलवत होतो. शेजारच्या गल्लीत तर पेटवून देत होते. कचरा उघड्यावर जाळायला त्याच २०१६ च्या नियमांनी बंदी घातली होती, ही गोष्ट वेगळीच. आणि जुलैत मी कोकोपिटच्या विटा विकत आणत होते. घरचं दूध गटारात ओतून दुकानातून पिशवी आणावी, तसला प्रकार.

पाला पाल्यातही फरक असतो. रेन ट्री, सोनमोहर, गुलमोहर, चिंच यांची पानं बारीक, चुरायलाही लागत नाहीत. आंबा, फणस, वड यांची पानं चामड्यासारखी, ती आधी पायाखाली तुडवा किंवा श्रेडरमधून काढा. तशीच टाकलीत तर सहा महिन्यांनी ओळखीच्या चेहऱ्याने बाहेर येतात. निलगिरीचा पाला मी घेत नाही. भरायचं ते विणलेल्या गोण्यांत, प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत नाही, आणि पूर्ण वाळलेलंच. गोण्या मीटररूमजवळ किंवा पार्किंगमध्ये रचू नका. एक ठिणगी पुरते.

आवारात झाडं नाहीत अशी अडचण असेल तर पाला मागून आणा. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला 'ब्राउन लीफ' हा उपक्रम हेच काम करतो : ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्यांना तो हवाय त्यांची गाठ घालून देतो. बंगलेवाले पोती भरून ठेवतात, आपण फक्त गाडी न्यायची.

बिल्डरने दिलेला 'गांडूळखत प्रकल्प' जसाच्या तसा वापरणं

मागच्या भिंतीला चिकटून चार फूट खोल सिमेंटची टाकी, चारी बाजू बंद, तळ बंद, वर लोखंडी झाकण आणि त्यावर रंगवलेलं 'गांडूळखत प्रकल्प'. बघितलं असेलच तुम्ही. ही टाकी पाणी साठवायला उत्तम आहे.

यात लोक काय करतात, तर रोजचा ताजा कचरा ओततात आणि वर किलोभर गांडुळं सोडतात. ताज्या कचऱ्याचा मोठा ढीग नीट कुजायला लागला की आतलं तापमान ५५-६० अंशांवर जातं. गांडुळांना ३५ च्या पुढे सोसत नाही. ती कडेने पळतात किंवा मरतात. पुढच्या महिन्यात समिती परत गांडुळं मागवते. आमच्याकडे हे तीनदा झालं. चौथ्यांदा खजिनदारांनी शांतपणे विचारलं, "ताई, आपण गांडुळं पाळतोय की पुरतोय?"

गांडुळं हवीच असतील तर कचरा आधी साध्या हौदात तीन-चार आठवडे तापू द्या, निवू द्या, मग तो दीड फुटापेक्षा कमी थरात गांडुळांना द्या. मला विचाराल तर सोसायटीने गांडुळांच्या नादी लागूच नये. गवंडी बोलवा, टाकीच्या भिंतींना भोकं पाडून घ्या, तळाला उताराचा पाइप काढा, खाली करवंट्या आणि काटक्यांचा थर द्या. नवीन बांधत असाल तर विटांमध्ये फटी ठेवून जाळीची भिंत उचला. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच एवढा तरी ढीग हवा, त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. आणि हौद किमान दोन हवेत : एक भरताना दुसरा मुरत राहतो.

वासावर फिनेल

हौद सुरू केला त्याच पावसाळ्यात एका रविवारी सकाळी मी खाली गेले तर हौदातून दवाखान्यासारखा वास. तळमजल्यावरच्या काकूंनी अळ्या बघितल्या होत्या आणि फिनेलच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्या होत्या. काकूंचा हेतू चांगलाच होता. पण ज्या जिवाणूंना आपण दीड महिना खाऊपिऊ घातलं त्यांचाच त्यात निकाल लागला. तो हौद आम्हाला उपसावा लागला.

मोठ्या, राखाडी-तपकिरी, जाड कातडीच्या अळ्या दिसल्या तर बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. त्यांची मोठी माशी घरात येऊन ताटावर बसत नाही, ती खातच नाही म्हटलं तरी चालेल. दिसायला ओंगळ, हे मान्य. बघवत नसतील तर चार इंच पाला पसरा, दिसणार नाहीत. साध्या घरमाशा घोंगावत असतील तर मात्र कचरा उघडा राहिलाय. त्यावरही उपाय पाल्याचाच.

वास आला की आधी कसला वास, ते ओळखायचं. मुतारीसारखा, डोळ्यांना झोंबणारा असेल तर नायट्रोजन जास्त झालाय : पाला मिसळा. सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा संपली आहे : पंजाने पूर्ण ढीग वरखाली करा, तळातलं पाणी निघतंय का बघा, मग पाला. आंबूस असेल तर कोणीतरी आमटीचं पातेलं ओतलेलं असतं. वास अजिबात नाही, पण मुंग्या आणि झुरळं झाली आहेत, तर ढीग कोरडा पडलाय : पाणी शिंपडा.

ओल मोजायचं यंत्र आम्हीही मागवलं होतं, ते कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असेल. खरी रीत मला कचरा गोळा करायला येणाऱ्या मावशींनी दाखवली. त्यांनी हौदाच्या मधोमध हात घातला, मूठभर माल काढला आणि दाबला. बोटांच्या फटीतून पाणी टपकायला लागलं. "पाला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या हौदातला उचलला, दाबला, मूठ उघडली तर सगळा भुगा. "पाणी." मग मुरलेल्या हौदातला घेतला : लाडूसारखा वळला, बोट लावल्यावर सुटला, तळवा नुसता ओलसर. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, हात झटकून पुढच्या विंगला गेल्या.

हौदात काय जाऊ नये

शहाळी, नारळाच्या शेंड्या, आंब्याच्या कोयी कुजतात, पण वर्षभर हौद अडवून ठेवतात. मे महिन्यात कोयींसाठी वेगळं पोतं लावा. मटण-चिकनची हाडं उंदीर-कुत्री बोलावतात. निर्माल्य चालतं, पण हारातला दोरा, जरी आणि थर्माकोल काढून. हे काम आदल्या रात्री घरीच झालं पाहिजे. 'कम्पोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या सोसायटीच्या हौदात लवकर विरघळत नाहीत, बादली उलटी करून पिशवी परत न्यायला सांगा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. निवडायला हात घालणारं माणूस आहे, तेवढं लक्षात असू द्या.

गणपतीनंतर दोन प्रश्न हटकून येतात. शाडूची मूर्ती कुजत नाही, ती माती आहे. भिजवून कुंडीत घाला. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घरीच विरघळवायची पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. त्यातून उरणारं अमोनियम सल्फेटचं पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं. हौदात मात्र ओतू नका, आधीच जास्त असलेल्या नायट्रोजनात आणखी भर पडेल.

'चोवीस तासांत खत'

असं सांगून विकलं जाणारं खताचं यंत्र घेतलेल्या सोसायट्यांमधून मला जास्त फोन येतात. यंत्र कचरा बारीक करतं, तापवतं, वाळवतं. बाहेर पडतो तो कोरडा, तपकिरी भुगा. तो खतासारखा दिसतो म्हणून लोक थेट गुलाबाला घालतात. पाणी पडलं की तो परत ओला कचरा होतो, बुरशी धरतो, तापतो, मुळं करपतात. यंत्र वाईट नाही, जागा कमी असेल तर सोयीचंच आहे. पण त्यातून निघालेला माल पुढे दोन-तीन आठवडे तरी ओलसर ठेवून, हलवून मुरवावा लागतो. यंत्र ठेवायला जागा केलीत तशी मुरवायच्या क्रेटलाही करा.

'सगळ्यांनी मिळून करू'

म्हणजे कोणीच नाही. पाळ्या लावल्या, तक्ते चिकटवले. तिसऱ्या आठवड्यात मी एकटी. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते आणि तिचे सभासद सोसायट्यांचे खतहौदही सांभाळतात. आम्ही त्याच मावशींना हौदाच्या कामाचे वेगळे पैसे ठरवून दिले, गमबूट, हातमोजे आणि पंजा दिला. 'येताच आहात तर तेवढं हौदाचंही बघा' हे आधी आम्हीही म्हणून पाहिलं होतं, आणि त्याचं फळही तसंच मिळालं होतं.

घाईने हौद उपसणं

हौद भरल्यापासून ४५ ते ६० दिवस लागतात, थंडीत थोडे जास्त. माल काळपट, हाताला गार आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असेल तरच काढा. शंका असली तर एका कुंडीत थोडं खत, थोडी माती आणि चमचाभर मेथी पेरा. चार-पाच दिवसांत मेथी सरळ उगवली तर खत झालंय. पिवळी पडून माना टाकल्या तर परत झाकून ठेवा.

मग दोन दिवस सावलीत पसरायचं आणि चाळायचं. चाळणीवर काटक्या, आंब्याची अर्धवट पानं, कोणाच्या तरी घरचा हरवलेला चमचा असं बरंच काही उरतं. चमचा गेटवर वॉचमनकाकांकडे ठेवा, कोणी ना कोणी ओळखतंच. बाकीची भरड रिकाम्या हौदाच्या तळाला परत घाला. बाजारातलं कल्चर विकत आणायची गरज नाही, पुढच्या खेपेचं विरजण तेच.