घरात उंदीर झालेत? आधी दोन रात्री नुसतं बघा

रात्री दीड-दोनला फ्रिजमागे खुडबुड ऐकू आली की माणूस सकाळी उठून पहिलं काय करतो तर पिंजरा नाहीतर विषाची वडी घेऊन येतो, मीपण तेच केलं होतं. एक उंदीर सापडला, घरात सगळे खूश, आणि चौथ्या रात्री परत खुडबुड सुरू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण उलट्या बाजूने सुरुवात केलीय. पकडणं हे नंतरचं काम, आधी हे बघायचं की तो येतो कुठून, जातो कुठून आणि आपल्या घरात त्याला मिळतंय काय. या सगळ्याला दोन-तीन आठवडे सहज जातात, तेवढे दिवस उंदीरमामांसोबतच राहायचंय हे धरून चाला.

आधी नक्की कोण आहे ते ओळखा

घरातला छोटा उंदीर १२ ते ३० ग्रॅमचा असतो, लेंड्या ३ ते ६ मिमी, टोकं निमुळती. लेंड्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या दिसल्या तर मोठा उंदीर किंवा घूस, तिथे खालचं सगळं तसंच्या तसं लागू होत नाही, कारण मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो आणि चार-पाच दिवस चापाच्या जवळपासही फिरकत नाही. लांब टोकदार तोंडाची, चिकचिक आवाज करत भिंतीकडेने पळणारी असेल तर ती चिचुंद्री, ती मुख्यतः किडे-झुरळं खाते, तिला दार उघडं ठेवून बाहेर काढा आणि विषय संपवा.

आणि लेंड्यांचा ढीग बघून घाबरू नका. एकटा उंदीर दिवसाला ५० च्या वर लेंड्या टाकतो, म्हणजे ढीग दिसला की फौजच आहे असं नाही. पण आळसही नको, कारण मादी साधारण तीन आठवड्यांत पिल्लं देते, एका वेळी पाच-सहा तरी, आणि ती पिल्लं दीड महिन्यात स्वतः पिल्लं घालायच्या लायक होतात. दोन रात्री थांबलात तर काही बिघडत नाही, दोन महिने थांबलात तर बिघडतं.

दोन रात्री बघा

संध्याकाळी सगळ्या जुन्या लेंड्या साफ करा (कशा ते खाली सांगतो, झाडू नका) आणि संशय असेल तिथे टाल्कम पावडरचा एकदम पातळ थर टाका. सकाळी मोबाईलची टॉर्च आडवी धरून बघा, पावलं आणि शेपटीची रेघ दिसते. उंदराची नजर कमजोर, तो मिशांनी भिंत चाचपत चालतो, त्यामुळे खोलीच्या मधून शक्यतो जात नाही, कडेकडेनेच जातो आणि रोज त्याच रस्त्याने. जास्त वावर असेल तर भिंतीला तेलकट काळपट डागही पडलेले असतात. घरटं सहसा खाण्यापासून दहा मीटरच्या आतच असतं, म्हणजे लांब कुठे शोधत बसू नका, फ्रिजच्या मोटरजवळची उबदार जागा, बंद ड्रॉवर, रद्दी, जुन्या गाद्या, माळा. कुरतडलेला कागद-कापूस गोळा झालेला दिसला की समजा इथेच.

खाणं बंद

त्याला दिवसाला तीनेक ग्रॅम खाणं पुरतं. पाणी तर खाण्यातूनच बरंचसं मिळतं. म्हणजे गॅसच्या खाली सांडलेल्या चुऱ्यावर तो आरामात जगतो, आपण मात्र डबे बंद केले म्हणून निवांत. काचेचे किंवा पत्र्याचे घट्ट झाकणाचे डबे वापरा, प्लास्टिकची पिशवी त्याच्यासाठी नसल्यासारखीच. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर त्याची वाटी रात्रभर भरलेली राहते ती उचला, ही एक गोष्ट सगळेच विसरतात. याने उंदीर लगेच पळून जाणार नाही, पण भुकेला उंदीर चापाकडे पटकन येतो.

भोकं, हेच खरं काम

पेन्सिल घ्या आणि घरभर फिरा. ज्या फटीत पेन्सिल जाते तिथून उंदीर येऊ शकतो, त्याला ६ मिमीची जागा पुरते, खोटं वाटतं पण डोकं गेलं की बाकीचं अंग दाबून आत घेतो. सिंकखालचे पाईप, एसीचा पाईप, एक्झॉस्ट फॅनची कड, वायरी आत येतात ती जागा, दाराखालची फट. माझ्याकडे तीन दिवस काहीच सापडलं नाही, शेवटी सिंकखालचं कपाट रिकामं करून आडवं पडून बघितलं तर पाईपभोवती अंगठ्याएवढं भोक, ज्याने पाईप बसवला त्याने बुजवायचं सोडून कपाटाने झाकून टाकलेलं.

बुजवताना तिथे स्टीलची तारेची घासणी गच्च कोंबा आणि वरून सिमेंट किंवा सीलंट लावा. नुसता फोम, कापड, थर्माकोल काही उपयोगाचं नाही, एका रात्रीत कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं हा काही छंद नाही त्याचा, गरज आहे. खिडकीला, जाळीला ६ मिमीपेक्षा बारीक भोकांची धातूची जाळी, दाराखाली धातूची पट्टी.

आता चाप

एक चाप लावून काही होत नाही. जिथे पावलं दिसली त्या भिंतीला लागून, दोन-तीन मीटरवर एक असे पाच-सहा एकदम लावा. चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण तो कडेने येतो ना, मधे ठेवलेला चाप त्याला लागतच नाही. आमिष वाटाण्याएवढंच, पीनट बटरसारखं चिकट काहीतरी, चीज फक्त कार्टूनमध्ये. काही येत नसेल तर कापसाचा बोळा दोऱ्याने बांधून बघा, घरट्यासाठी ओढायला येतो. छोटा उंदीर चौकस असतो, पहिल्या एक-दोन रात्रींतच सापडतो, नाही सापडला तर जागा बदला.

मारायचा नसेल तर पिंजरा, पण मग तो सकाळ-संध्याकाळ बघा, आत अडकलेला उंदीर भीतीने आणि उपाशी मरतो, आणि घराजवळच सोडलात तर परत हजर. चिकट गम पॅड मला पटत नाही, जिवंत चिकटून तासन्‌तास तडफडतो आणि शेवटी आपल्यालाच काहीतरी करावं लागतं. विषाची वडी घरात नकोच. नेहमीच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं आणि मरायला काही दिवस लागतात, तोपर्यंत तो भिंतीच्या पोकळीत कुठेतरी जाऊन मरतो आणि मग वास कुठून येतोय ते शोधायचं म्हणजे खरंच डोंगर पोखरून उंदीर काढणं. शिवाय मांजराने किंवा घुबडाने तो उंदीर खाल्ला तर त्यांनाही विषबाधा. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवतं म्हणतात, त्या अल्ट्रासॉनिक मशीनचे पैसे वाचवा, उंदरांना त्या आवाजाची सवय होते.

सोबत राहताना

कोरड्या लेंड्या झाडू किंवा व्हॅक्यूमने काढू नका, धूळ उडून श्वासात जाते. खिडक्या अर्धा तास उघडा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग टिश्यूने उचलून पिशवीत बंद. लेप्टोस्पायरोसिस, साल्मोनेला, काही ठिकाणी हंटाव्हायरस, असे आजार लघवी-लेंड्यांतून येऊ शकतात. गरोदर बाईने हे काम अजिबात करू नये. भांडी पालथी ठेवा आणि वापरायच्या आधी धुवा. वायर कुरतडलेली दिसली तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, आग लागते.

दोन आठवडे पावडरवर एकही पाऊल नाही, नवी लेंडी नाही, मग समजा गेले. तरी सिंकखाली एक चाप राहू द्या, आणि त्याच्याकडे अधूनमधून बघत जा, मी एकदा विसरलो होतो, आठवण वासाने करून दिली.